घाई विकणाऱ्याकडून जागा घेऊ नका

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून एका आशा सेविकेचं पत्र आलं आहे. वय ३०. बारावी कला शाखेतून ५४ टक्के आणि त्याच उन्हाळ्यात लग्न. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहाचा. घरी तीन एकर कोरडवाहू, त्यात कपाशी आणि तूर. सात वर्षांपासून त्या गावात आशा म्हणून काम करतात. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी "तुम्ही नर्सिंग करा" म्हटल्यापासून त्यांच्या मनाने तेच घेतलं आहे. गेल्या वर्षी जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी जीएनएमसाठी, म्हणजे तीन वर्षांच्या नर्सिंग डिप्लोमासाठी, अर्ज केला, पण पहिल्या यादीत नाव लागलं नाही. त्यांनी तो विषय तिथेच सोडला. सासूबाई म्हणतात, "या वयात कोठी शिकाले जातं वं?" नवरा म्हणतो, "पाय बाप्पा, तुले जमते तसं कर," आणि पुढे काही बोलत नाही. आता ॲडमिशनचं काम करणारा एक माणूस भेटला आहे. परराज्यातल्या कॉलेजात बीएस्सी नर्सिंगची जागा पक्की, रोज जावं लागणार नाही, फक्त परीक्षेला जायचं, दीड लाख आधी भरायचे, असं तो सांगतो. पाच हजार आणि बारावीची मूळ मार्कशीट त्याच्याकडे गेली आहे. बाकीचे पैसे महिनाअखेरपर्यंत हवेत. दागिने गहाण टाकायचे की सावकाराकडून काढायचे, एवढंच ठरायचं आहे. ताई लिहितात, "वय निघून चाललं. एएनएम (दोन वर्षांचा नर्सिंगचा कोर्स) करून काय, तेच गाव तेच काम. आशामध्ये सात वर्षं फुकट गेली. नर्स झाले तर माणसात गणती होईल. मी काय करू?"

प्रिय ताई,

आधी मार्कशीट परत आणा. बाकीचं सगळं त्यानंतर.

एकटीने जाऊ नका. नवऱ्याला घ्या, जमलं तर गावच्या पोलीस पाटलांना घ्या. "आमचा विचार बदलला, कागद परत द्या," एवढंच बोला. तो समजावू लागेल, जागा जाईल म्हणेल, आधी उरलेले पैसे मागेल. ऐकून घ्या आणि तेच वाक्य पुन्हा म्हणा. पाच हजारांवरून वाद वाढत असेल तर तो तूर्त बाजूला ठेवा, कागद आधी हाती येऊ द्या. नाहीच दिला तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार करा आणि तक्रारीची प्रत जपून ठेवा. मार्कशीट गहाळच झाली, तरी दुय्यम प्रत अमरावतीच्या विभागीय मंडळाकडून मिळते. ती मिळवायला हेलपाटे पडतील, पण त्या एका कागदापायी तुम्ही त्याच्या मुठीत राहायचं कारण नाही.

मी एवढी ठामपणे का सांगते आहे, तेही ऐका. त्याने तुम्हाला कला शाखेच्या बारावीवर बीएस्सी नर्सिंगची जागा देऊ केली आहे. अशी जागा नसतेच. बीएस्सी नर्सिंगला बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं, आणि खुल्या प्रवर्गाला त्या विज्ञान विषयांत मिळून किमान ४५ टक्के लागतात. ही अट इंडियन नर्सिंग कौन्सिलची आहे, म्हणजे देशभराची. राज्य बदललं म्हणून ती बदलत नाही. रोज जावं लागणार नाही, हेही खोटं. परीक्षेला बसायला वर्गातली ८० टक्के आणि प्रात्यक्षिकाची ८० टक्के हजेरी लागते, आणि शेवटचं प्रमाणपत्र मिळण्याआधी वॉर्डातले राहिलेले सगळे तास भरून काढावे लागतात. जिथे हजेरी लागत नाही तिथे नर्स तयार होत नाही. उद्या तो कागद घेऊन तुम्ही महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणीला जाल, तिथे तुमची बारावी तपासली जाईल, आणि दीड लाख, दागिने, दोन-चार वर्षं सगळं त्या खिडकीपाशी संपेल. नोंदणी नसलेल्या बाईला नर्स म्हणून सरकारी भरतीत अर्ज करता येत नाही.

परराज्यातली सगळीच कॉलेजं वाईट असतात असं माझं म्हणणं नाही. आपल्याकडच्या कितीतरी मुली तिकडून नीट शिकून आल्या आहेत. पण त्या स्वतः कॉलेज पाहून आल्या, कौन्सिलच्या यादीत नाव तपासलं, कॉलेजला जोडलेलं रुग्णालय किती खाटांचं आहे ते विचारलं, कॉलेजच्या खात्यात पैसे भरून पावती घेतली. तुमच्या बाबतीत यातलं काहीच झालेलं नाही. आणखी एक सांगते, हे पत्र वाचणाऱ्या सगळ्यांसाठी. तालुक्याच्या गावात "एका वर्षात नर्स व्हा" असे फलक दिसतात. ते रुग्णसेवा सहायकाचे छोटे कोर्स असतात. त्यातून छोट्या दवाखान्यात काम मिळू शकतं, पण ते करून कोणी नोंदणीकृत नर्स होत नाही. विशीतल्या मुली तिथे फी भरतात आणि हे त्यांना कोणी सांगत नाही, याचा मला फार राग येतो.

आता तुमच्या वयाबद्दल. "वय निघून चाललं" हे तुमच्या पत्रातलं सगळ्यात घाबरलेलं वाक्य आहे, आणि त्या माणसाने नेमकं तेच हेरलं. त्याच्याकडे जागा नाही, पण घाई भरपूर आहे, आणि तो तीच तुम्हाला विकतो आहे. जीएनएम आणि एएनएम दोन्हींना वयाची वरची मर्यादा ३५ वर्षांची आहे. तुम्ही ३० च्या आहात. म्हणजे याच वर्षी झालं नाही तर दार बंद, असं नाही. अजून काही वर्षं तुमच्या हातात आहेत. शिवाय ज्या बाईने एएनएम केलेलं आहे, तिला पुढे जीएनएमला जाताना ही वयाची अट लागत नाही. ही सवलत फार थोड्या जणींना माहीत असते. २०२३ साली संसदेने नर्सिंग आणि मिडवाइफरीसाठी नवा कायदा केला आहे, त्यामुळे नियमांत पुढे-मागे बदल होऊ शकतात. म्हणून दर वर्षीची प्रवेशाची मूळ सूचना स्वतः वाचा. व्हॉट्सॲपवर फिरणारा सारांश वाचून ठरवू नका.

कला शाखा हाही अडथळा नाही. जीएनएमला बारावी कोणत्याही शाखेची चालते, एकूण ४० टक्के आणि इंग्रजीत ४० टक्के हवेत. तुमचे एकूण ५४ आहेत. इंग्रजीत किती आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही. मार्कशीट हाती आली की पहिली नजर तिथे टाका, कारण पुढचं बरंच त्या आकड्यावर ठरेल. इंग्रजीत ४० च्या खाली असाल तर मुक्त विद्यालयातून, म्हणजे एनआयओएसमधून, बारावी पुन्हा देता येते आणि ती बारावी नर्सिंगला चालते. त्याच वाटेने विज्ञान विषय घेऊन बीएस्सीसाठीही पात्र होता येतं, पण तुम्हाला मी ते सुचवणार नाही. घर, शेत, आशाचं काम आणि त्यावर भौतिकशास्त्राची प्रात्यक्षिकं, हे ओझं कशासाठी? बीएस्सीची पदवी तुम्हाला दुसऱ्या बाजूनेही मिळते. जीएनएम करून नोंदणी झाली की दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतं. तिथे बारावीला जीवशास्त्र होतं का, असं कोणी अडवत नाही.

गेल्या वर्षी नाव लागलं नाही, त्यावरून तुम्ही स्वतःबद्दल जे ठरवून टाकलं आहे, ते मला पटलेलं नाही. पत्र मी पुन्हा वाचलं. अर्ज तुम्ही एकाच ठिकाणी केला होता, आणि पहिली यादी पाहून थांबलात. सरकारी जागा थोड्या आणि अर्ज ढीगभर, तिथे एकाच ठिकाणावर सगळी भिस्त ठेवली तर चांगल्या गुणांच्या मुलीही राहून जातात. त्यात तुमच्या लायकीचा प्रश्न कुठे येतो? पहिल्या यादीतल्या कितीतरी जणी प्रवेश घेतच नाहीत. कोणाचं बीएस्सीला होतं, कोणाचं लग्न ठरतं, कोणाचा कागद अडतो. त्या जागा पुढच्या फेऱ्यांत भरतात, आणि तोवर अर्ध्या जणींनी आशा सोडलेली असते. या वर्षी शेवटची फेरी संपेपर्यंत दर यादी पाहा. ठिकाणंही वाढवा. तुम्हाला हॉस्टेललाच राहायचं आहे, मग यवतमाळ काय, अमरावती, अकोला, वाशीम, वर्धा, चंद्रपूर काय? एसटीचे दोन-तीन तास जास्त लागतील एवढंच. सूचनेत बसतील ती सगळी ठिकाणं अर्जात टाका.

कागदांपाशी मात्र लग्न झालेल्या बाया हमखास अडतात, म्हणून तिथे मी जरा जास्त वेळ थांबते. तुमच्या बारावीच्या मार्कशीटवर माहेरचं नाव आहे आणि आधारवर सासरचं. त्या दोन्ही एकच बाई आहेत हे कागदावर सिद्ध करावं लागतं. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र काढलेलं नसेल तर ग्रामपंचायतीत आजच चौकशी करा, आणि नावबदलाचं राजपत्र लागणार का ते सूचनेतून पाहून घ्या. तुम्ही प्रवर्ग लिहिलेला नाही. राखीव प्रवर्गातून अर्ज करणार असाल तर लक्षात ठेवा की जात वडिलांकडून धरली जाते. दाखला माहेरच्या कागदांवर निघतो आणि जात वैधता प्रमाणपत्रासाठी वडिलांचे, आजोबांचे जुने पुरावे लागतात. शाळेचा दाखला, कोतवाल बुकाची नक्कल, जे असेल ते. ते भावाच्या कपाटात असतात आणि भाऊ कापसाच्या हंगामात सापडत नाही. पडताळणी समितीकडून प्रमाणपत्र यायला वेळ लागतो, यादी लागल्यावर धावपळ करून ते होत नाही. त्यासाठी या दिवाळीला माहेरी जाल तेव्हा पिशवी घेऊनच जा. अधिवास, उत्पन्न आणि लागू असेल तर नॉन क्रीमी लेयर, हे सेतू केंद्रातून निघतात. बारावीनंतर इतकी वर्षं शिक्षणात खंड पडला म्हणून त्याचं प्रतिज्ञापत्रही बहुतेक ठिकाणी मागतात. आणि एक नियम आजपासून पाळा. मूळ कागद प्रवेश नक्की झाल्यावर संस्थेच्या कार्यालयात पोच घेऊन द्यायचे. मधल्या कोणाच्याही हातात झेरॉक्सच.

आता तुमच्या त्या वाक्याकडे येते, "एएनएम करून काय, तेच गाव तेच काम."

तुमच्या उपकेंद्रात जी नर्सबाई आहे, जिच्याबरोबर तुम्ही लसीकरणाला बसता, रात्री कळा सुरू झालेल्या बाईला घेऊन निघालात की जिला पहिला फोन लावता, ती एएनएम आहे. तिच्या हाताखाली सात वर्षं काढून तुम्ही तिचं काम कमी कसं म्हणता? मला वाटतं हे तुमचं मत नाही, कुठून तरी ऐकलेलं आहे. एएनएम दोन वर्षांचं आणि जीएनएम तीन वर्षांचं. एएनएम झालेली बाई मुख्यतः उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करते, भरतीत त्या पदाला आरोग्य सेविका म्हणतात. जीएनएम झालेली रुग्णालयाच्या वॉर्डात जाते, सरकारीत अधिपरिचारिका होते, पुढे पोस्ट बेसिक आणि त्याहून पुढे शिकवण्याकडेही वळू शकते. कामाची ठिकाणं वेगळी आहेत आणि रोजचा दिवसही वेगळा. गल्लीगल्लीतून फिरणं, बायांशी बोलणं, घरी जाऊन बाळ पाहणं हे तुम्हाला आवडत असेल, तर वॉर्डातली पाळीपाळीची ड्यूटी कदाचित रुचणारही नाही. तुम्हाला कामाचं नेमकं काय आवडतं, हे तुम्ही पत्रात कुठेही लिहिलेलं नाही. मान मिळेल एवढंच लिहिलं आहे. मान हवा असणं चुकीचं नाही. आशांना किती राबवून घेतात आणि मोबदल्यासाठी किती वेळा रस्त्यावर उतरावं लागतं, ते मी पाहते. पण रात्रपाळीत पहाटे चार वाजता रुग्णाची चादर बदलताना मान कामाला येत नाही, कामाची आवड येते.

माझं मत विचाराल तर अर्ज दोन्हींचा करा आणि जीएनएमला वर ठेवा. बारावीनंतर इतक्या वर्षांनी पुन्हा वह्या हातात घेताय, तर पुढचं दार उघडं राहील असंच शिक्षण घ्यावं. पण घराला तीन वर्षं झेपणारच नसतील, किंवा एएनएमची सरकारी जागा जवळ मिळाली आणि जीएनएमची खासगीत मोठी फी भरून, तर बेधडक एएनएम घ्या. वयाची सवलत वर सांगितलीच आहे.

कोर्स झाला की सरकारी नोकरी, हे समीकरणही मनातून काढून टाका. भरती निघते तेव्हा परीक्षा द्यावी लागते, आणि ती दर वर्षी निघतेच असं नाही. मधल्या काळात राष्ट्रीय आरोग्य अभियानातली कंत्राटी पदं असतात आणि खासगी रुग्णालयं असतात. तालुक्याच्या लहान रुग्णालयात सुरुवातीचा पगार ऐकून वाईट वाटेल इतका कमी असतो. म्हणून दीड-दोन लाखांचं व्याजी कर्ज काढून हे शिक्षण करू नये, असं माझं म्हणणं आहे. सरकारी जागेसाठी एक वर्ष थांबणं कर्जापेक्षा स्वस्त पडतं.

सात वर्षं फुकट गेली, असं तुम्ही लिहिता. यावर मी तुमच्याशी भांडणार आहे. बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी तुम्ही घरी जाता, बाळाचं वजन करता, ताप पाहता, घड्याळ लावून श्वास मोजता. या भेटींची पद्धत कुठून आली, ठाऊक आहे? आपल्याच गडचिरोलीतून. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या जेमतेम शिकलेल्या बायांना हेच शिकवलं, आणि त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून जास्त कमी झाले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. २०११ मध्ये देशभरच्या आशांसाठी ही घरभेटीची योजना सुरू झाली. मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे धोका, हे तुम्हाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला बसलेल्या अठरा वर्षांच्या मुलीने अजून जिवंत बाळ हातात धरलेलं नसतं. मी शिकवताना हे पाहिलं आहे. उशिरा आलेल्या, गावात काम केलेल्या बाया पहिले तीन-चार महिने पुस्तकापुढे रडतात आणि वॉर्डात पाऊल टाकल्यावर सगळ्यांच्या पुढे जातात.

या अनुभवाचे गुण मात्र यादीत आपोआप जोडले जात नाहीत, हे स्पष्ट सांगायला हवं. काही राज्यांत आशांना एएनएम-जीएनएमच्या प्रवेशात प्राधान्य देतात. आपल्याकडे यंदाच्या सूचनेत तशी काही तरतूद आहे का, हे तुमच्या गटप्रवर्तकांमार्फत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा. आशा म्हणून काम केल्याचं प्रमाणपत्रही मागून ठेवा, लागलं तर जवळ असेल.

इंग्रजीची भीती तुम्ही दोनदा लिहिली आहे. पुस्तकं बहुतेक इंग्रजीतच असतात, त्यामुळे भीती खोटी नाही. पण सुरुवात कुठून करायची, तर तुमच्याच पिशवीतून. माता-बाल संरक्षण कार्ड काढा, औषधांच्या पाकिटांवरचं वाचा, तुमच्या प्रशिक्षणाची पुस्तिका काढा. वेट, टेंपरेचर, बीपी, एचबी, ब्लीडिंग, रेफर, डोस हे शब्द तुम्ही रोज बोलता. ते इंग्रजी अक्षरांत लिहायला शिका. रोज दहा शब्द, मुलीबरोबर बसून. तिचीही शाळेची इंग्रजी आहेच. मग पाचवी ते आठवीची विज्ञानाची पाठ्यपुस्तकं घ्या, मराठी आणि सेमी इंग्रजी दोन्ही, आणि शरीराचे धडे शेजारी शेजारी ठेवून वाचा. जीएनएमच्या पहिल्या वर्षाला शरीररचना, सूक्ष्मजीवशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र, पोषण, प्रथमोपचार, सामुदायिक आरोग्य असे विषय असतात. पोषण आणि सामुदायिक आरोग्यात तुम्हाला नवं थोडंच असेल. शरीररचना जड जाईल, तिला आधीपासून हात घाला.

तुमच्यासारख्याच अडचणीत असलेल्या, पण विज्ञान शाखेच्या मुलींची पत्रंही माझ्याकडे आहेत, त्यांच्यासाठी इथेच दोन गोष्टी. राज्यातल्या बीएस्सी नर्सिंगसाठी सीईटी कक्षाची स्वतंत्र प्रवेश परीक्षा आहे. १०० प्रश्न, ९० मिनिटं, चुकीला गुण कापत नाहीत. भौतिक, रसायन, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंगचा कल, प्रत्येकी २०. 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या तयारीत गुंतलेल्या मुली इंग्रजी आणि कलचाचणीकडे पाहतच नाहीत, आणि तिथेच ४० गुण आहेत. एम्सची परीक्षा वेगळी, लष्कराच्या नर्सिंगला नीटचे गुण लागतात, त्यांचे अर्ज वेगळे भरायचे. आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि केंद्रीय प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला असेल, तर २०२४-२५ पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला ही माफी नाही. "आत्ता पैसे भरा, नंतर शिष्यवृत्ती लावून देतो" म्हणणाऱ्याला हे विचारा.

ताई, राहिला घरचा विषय. नवरा बोलत नाही याचा अर्थ तुम्ही होकार धरला आहे. मी तो धरणार नाही, आणि नकारही धरणार नाही. त्यांच्यासमोर तीन वर्षांचं चित्र कोणी मांडलेलंच नाही, मग ते काय बोलणार? "मी नर्सिंग करू का?" हा प्रश्नच इतका मोठा आहे की त्यावर "तुले जमते तसं कर" एवढंच सुचतं. छोटे प्रश्न विचारा. सकाळी धाकट्याचा डबा कोण करेल? वेचणीच्या दिवसांत सासूबाई शेतात गेल्या की पोरं शाळेतून आल्यावर कुठे बसतील? कोर्स पूर्ण वेळेचा आहे, आशाचं मानधन बंद होईल, मग किराणा कशातून? रात्री ताप आला तर कोणाला फोन करायचा? या प्रत्येकाचं उत्तर त्यांनी द्यायचं, तुम्ही सुचवायचं नाही. उत्तरं आली तर तो होकार. "पाहू" आलं तर अजून बोलायचं बाकी आहे.

सासूबाईंनाही वगळू नका. या व्यवस्थेत सगळ्यात जास्त काम त्यांच्यावरच पडणार आहे, आणि त्यांचा विरोध वयाला नसून त्या कामाला असावा असा माझा अंदाज आहे. थोरलीला तुमच्या आईकडे ठेवायचा विचार करत असाल तर तिला विचारून करा. नऊ वर्षांच्या मुलीला सगळं कळतं. आणि ती घरी राहणार असेल तर तिच्यावर भावाचा, चुलीचा भार पडणार नाही हे शब्दांत ठरवून घ्या. आईच्या शिक्षणाची किंमत मुलीच्या शाळेने मोजायची नाही, यावर मी अडून बसेन.

पैशाचं म्हणाल तर दागिने तसेच राहू द्या. सरकारी जागेत फी कमी असते, खरा खर्च राहण्या-खाण्याचा आणि घरी बंद होणाऱ्या मानधनाचा. त्यासाठी आतापासून बचत गटात थोडं जास्त टाका. महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर तुमच्या प्रवर्गाला आणि कोर्सला कोणती शिष्यवृत्ती लागू होते, हे प्रवेशाच्या दिवशीच संस्थेच्या कार्यालयात विचारा आणि अर्जाची शेवटची तारीख लिहून घ्या.

प्रवेश नक्की होऊन संस्थेची पावती हातात येईपर्यंत आशाच्या कामाचा राजीनामा देऊ नका. डॉक्टरांनी आग्रह केला तरी नाही, आणि यादीत नाव पाहिलं तरी नाही. कागद तपासताना नावं गळतात.

मार्कशीट मिळाली की कळवा, आणि इंग्रजीचे गुण लिहा. पुढचं त्यावर बोलू.